तीन जोड फिन्स आणि बुडण्यापुरतं पाणी

लातूरहून नांदेडला एसटीनं साडेतीन तास लागतात. मला चार दिवस लागले. वाटेत पाणी शोधत जायचं होतं, आणि तेही नुसतं प्यायचं नाही, बुडण्यापुरतं. ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालची ही गोष्ट आहे. नांदेड पुष्कळांनी पाहिलं असेल, पण पोत्यात पाणबुड्यांच्या फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायची रबरी वल्ही, घालून, शेजारी धोतर नेसलेले वडील घेऊन कुणी गेलं असेल असं वाटत नाही. म्हणून लिहिते.

आधी माझं सांगते. रेणापूर तालुक्यातल्या आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. केलं, मग शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. दोन्ही प्रमाणपत्रं काचेत लावलेली आहेत आणि आलेल्या माणसाला चहाच्या आधी ती दाखवली जातात. मला त्याचा संकोच वाटत नाही. लातूरच्या एका तरणतलावावर मी बायकांच्या बॅचला पोहायला शिकवत होते. त्या उन्हाळ्यात तलावात पाणीच नव्हतं. निळ्या फरशीवर पोरं क्रिकेट खेळत आणि 'खोल पाणी, सावधान' या पाटीखाली त्यांचा विकेटकीपर उभा असे.

अशात शोध-बचाव पथकाची भरती निघाली. नवा जिल्हा होणार अशी तेव्हा हवा होती. कुठला, कधी, मुख्य ठिकाण कोणतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण लातूर, नांदेड आणि झालाच तर तो नवा जिल्हा, असं मिळून नऊ जणांचं पथक करायचं ठरलं होतं. चाचणी नांदेडला, धरणाच्या पाण्यात. पायात फिन्स घालून दोनशे मीटर पोहायचं आणि मग पंधरा फूट खाली बुडी मारून तळावरची वीट वर आणायची. फिन्स ज्याच्या त्यानं आणायच्या.

"दुष्काळात कोण बुडतंय?" तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

"पाणी आलं की बुडतील. चार वर्षांत एक पोर पोहायला शिकलं नाही."

हे त्यांना पटलं. तात्यांचा धंदाच पाण्यातला. विहिरीत पडलेली मोटर, घागर, बादली, एकदा तर एका नवरदेवाची अंगठी, हे सगळं ते बुडी मारून वर काढत. पंचक्रोशीत त्यांना बोलावणं यायचं. पण विहिरीच आटल्यावर पडलेली बादली वरूनच दिसते, ती काढायला माणूस लागत नाही. तात्या दोन वर्षं बसून होते. मी नांदेडला निघाले म्हटल्यावर ते न विचारताच टोपी झटकून तयार झाले.

लातूर

मालवणला माझी एक मैत्रीण आहे, स्पर्धांमध्ये ओळख झालेली. ती पर्यटकांना समुद्रात स्कूबा करायला नेते. तिनं वापरलेल्या तीन जोड फिन्स पार्सलनं पाठवल्या. काळ्या, पिवळ्या आणि निळ्या. सोबत चिठ्ठी होती: वजन बघ, पाण्यात तरंगते का बुडते बघ, पायात कशी बसते बघ. माझं ऐकू नकोस, स्वतः बघ. एक ठेव, दोन परत पाठव.

पहिल्यांदा पायात घालून पाहिल्या आणि तिथंच माझी पदवी कमी पडली. मैत्रिणीनं फोनवर पायाचं माप विचारलं होतं, मी 'सात' म्हणाले होते. चपलेचा नंबर सात. आता आमच्या घरात जन्मभर चप्पल एक नंबर मोठी घेतली जाते. लहानपणी पाय वाढेल म्हणून, मोठेपणी पायाला हवा लागते म्हणून. माझा पाय सहाचा आहे हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी, रबरात पाय घालून कळलं. पिवळी फिन बुटासारखी, टाचेपर्यंत बंद असते. तिच्यात माझा पाय टोपलीतल्या कांद्यासारखा हलत होता. काळीला मागं पट्टा होता, पण ती जाड पाणबुटावर घालायची, आणि तसले बूट माझ्याकडं नव्हते. निळीलाही पट्टा होता, तो आवळता येत होता. पण ती पुढं निमुळती. दहावीपर्यंत अनवाणी चाललेल्या माझ्या पसरट पायाची करंगळी तिच्यात चेंगरत होती.

"सरकारी जोडे हायत का?" तात्या म्हणाले. "कुणालाच बसंनात म्हणून इचारलं."

वजनासाठी आम्ही आडत बाजारात शिवाप्पांच्या दुकानी गेलो. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, समोर रिकामा काटा. त्यांच्या शेतातल्या विहिरीतून तात्यांनी एकदा मोटर काढून दिली होती, तेव्हापासून अप्पांचा आमच्यावर जीव. त्या वर्षी बाजारात तूर येतच नव्हती, त्यामुळं गिऱ्हाईक बघून त्यांना आनंद झाला. पोत्यातून मी फिन्स काढल्यावर तो जरा कमी झाला.

"बदकाचे पाय हायत काय हे?"

"पाण्यात पायाला घालायचे असतात अप्पा. जोर वाढतो."

"पाणी कुठंय पण?"

"तेच शोधायला चाललोय."

अप्पांनी हमालाला हाक मारली नाही, स्वतः उठून काटा पुसला. काळी जोडी सव्वातीन किलो भरली. निळी दोन किलोच्या थोडी वर. पिवळी लांबीला सगळ्यांत मोठी आणि वजनाला दीड किलो.

"म्हंजे पिवळी झकास," तात्या म्हणाले.

अप्पांनी मान हलवली. "असं कसं? माल कोरडा हाय. कोरडं वजन निराळं, वल्लं निराळं. तुरीत बी आमी वलावा बघतो. पाण्यात टाकून मला सांग कोण हलकं अन् कोण जड."

ऐकलंत? मैत्रिणीनं दोन पानांची चिठ्ठी लिहून जे सांगितलं, ते आडत्यानं काट्यावर हात ठेवून सांगितलं. पाणबुड्याला हवेतलं वजन फक्त बस-स्टँडपर्यंत त्रास देतं. पुढं पाणी ठरवतं.

पण त्या लातुरात पाण्यात टाकायचं कुठं? घरोघर घागरी पाहुण्यांसारख्या ओळीनं बसवलेल्या. त्यात कुणाला म्हणायचं, जरा तुमच्या पिंपात माझी रबरी फिन बुडवू द्या? अप्पांनी सकाळचा उरलेला सुशीला खायला घातला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, शेंगदाण्याचा कूट घातलेला आमच्याकडचा नाश्ता. मुरमुरे भिजवायलाही पाणी लागतं, तेव्हा त्या दिवसांत तो मानपानाचाच प्रकार होता.

अहमदपूर

बसमध्ये पोतं सीटखाली मावेना. लांब पिवळी टोकं बाहेर आली होती. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता बघितलं.

"बाबा, पोत्यातून काय निघालंय ते?"

"पाय," तात्या म्हणाले.

"कुणाचे?"

"आमच्या पोरीचे."

पुढच्या सीटवरची बाई मुलाला उचलून ड्रायव्हरजवळ जाऊन बसली. मी फिन काढून दाखवली, तेव्हा कुठं गाडीत श्वास परत आला. मग पुढचा तासभर आमच्या डब्यातले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खात दोन प्रवाशांनी नव्या जिल्ह्यावरून भांडण केलं. एक उदगीरचा, एक अहमदपूरचा. जिल्ह्याचं ठिकाण आपल्याच गावाला हवं, यासाठी दोघांनीही कोर्टापासून किल्ल्यापर्यंत सगळं मोजून दाखवलं. खिडकीबाहेर चारा छावणी, टँकरमागं धावणाऱ्या बायका, करपलेला ऊस, पुन्हा टँकर. ते दोघं काही बाहेर बघत नव्हते.

अहमदपूर माझं कॉलेजचं गाव. तीन वर्षं मी कमलबाईंच्या खानावळीत जेवले. नवरा गेल्यावर एका म्हशीच्या आणि दोन चुलींच्या जिवावर या बाईनं निम्मं कॉलेज पोसलं. मला दारात बघून त्या म्हणाल्या, "आली का माय! लई वाळलीस. पाव्हणे कोण? वडील व्हय? या, बसा. पाय धुवायला मात्र पाणी न्हाई, रागावू नका."

खानावळीमागं टिपाड होतं, दोनशे लिटरचं लोखंडी. काठोकाठ भरलेलं, वर फळी, फळीवर दगड. टँकर आठ दिवसांनी यायचा. मी भीत भीत विचारलं. कमलबाईंनी फिन उलटीपालटी केली, हुंगली आणि अट घातली: "बुडवा. हे म्हशीचं हाय, पिण्याचं आत ठेवलंय. पण थेंब सांडला तर रातीला जेवण न्हाई."

आमची प्रयोगशाळा तयार झाली. तात्यांनी बाह्या सरसावल्या. काळी सोडली, ती दगडासारखी सरळ तळाला. पिवळी सोडली, ती पाण्यावर आडवी पसरून होडीसारखी हलत राहिली. निळीचं मात्र चिठ्ठीत लिहिलं होतं की ती बुडत नाही, तरंगतही नाही, पाण्यात मधेच राहते. आम्ही सोडली. ती विचार केल्यासारखी थांबली, आणि मग सावकाश खाली गेली.

"खोटं लिवलंय तुज्या मैतरणीनं."

"खोटं नाही तात्या. तिचं पाणी खारं आहे. खारं पाणी जास्त उचलतं, गोड्यात तीच वस्तू जड होते."

"मग मीठ टाकून बग की टिपाडात."

"टाका की," कमलबाई आतून म्हणाल्या. "मग म्हैस तुमच्याच दारात बांधते."

आता निवडायचं कसं? आमच्याकडं पोरं पोहायला शिकतात ती पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधून. तरंगणारी वस्तू चांगली, हे मला लहानपणापासून पाठ. पण इथं खाली जायचं होतं. मी म्हणाले, काळी घ्यावी, आपोआप तळाला नेईल.

तात्या हसले. "तळाला न्हेईल, पण पायानं. तुला तिथं हातानं जायचंय. इहिरीत मी कसा जातो? मुंडी खाली, पाय वर. पाय टेकला की गाळ उठतो. गाळ उठला की अंधार. मंग तुजी ईट अन् दगूड सारखाच."

या माणसानं आयुष्यात शाळेचा फळा पाहिलेला नाही. पण मला एकदम कळलं की पाय वर उचलून धरणारी, तरंगणारी पिवळीच योग्य. राहिला प्रश्न मापाचा. कमलबाईंनी नवऱ्याच्या जुन्या सायकलची ट्यूब काढून दिली. तिच्या पट्ट्या कापून मी टाच आणि पाऊल आवळून बांधलं. अंगणात दहा पावलं चालून दाखवलं. म्हैस बिथरली, पण फिन हलली नाही.

संध्याकाळी म्हशीनं टिपाडातलं पाणी प्यायला साफ नकार दिला. रबराचा वास. कमलबाईंनी आम्हाला जेवू घातलं, पण प्रत्येक भाकरी वाढताना म्हशीची चौकशी केली. जाताना मी जिल्ह्याच्या ठिकाणाबद्दल त्यांचं मत विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठं बी करा. टँकर कुठं थांबणार तेवढं सांगा."

नांदेड

नांदेडला गोदावरी आहे, हे भूगोलात वाचलेलं. पण चार वर्षांनी इतकं पाणी एकत्र बघितलं आणि मी नुसती उभी राहिले. धरण निम्म्याच्या खाली उतरलेलं. आधी भेगाळलेली जमीन, मग चिखल, मग हिरवं, गढूळ, पण खरंखुरं पाणी. तात्यांनी टोपी काढली, खाली वाकून ओंजळभर घेतलं, तोंडावर मारलं आणि बराच वेळ चेहरा पुसलाच नाही.

चाचणीला तेवीस जण आले होते. बाई मी एकटी. बहुतेक नदीकाठचे तरणेबांड, मासेमारीवाल्या घरातले, फिन्स कुठूनकुठून आणलेल्या. एकानं माझ्या पायातली सायकलची ट्यूब बघून विचारलं, "ताई, हवा भरलीय का पंचर?" परीक्षक कदमसाहेब होते, कोरडे, शिट्टीवाले, कमी बोलणारे. नातेवाइकांनी दोरीच्या मागं बसायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दोनशे मीटर मी सहावी आले. नदीकाठच्या पोरांत तलावातली बाई सहावी, हे मी इथं जरा मोठ्या अक्षरात लिहिलं असतं, पुढचं घडलं नसतं तर. पिवळी फिन लांब असल्यामुळं एकेका लाथेला चांगलं अंतर कापत होती.

मग वीट. तरंगत्या डब्यांनी आखलेल्या गोलात चुन्यानं रंगवलेली वीट टाकली. तीन बुड्या मिळणार. मी पहिल्याच बुडीला गेले. दहा फुटांखाली उजेड संपला. डोकं खाली, पाय वर, पिवळ्या फिन्सनी पाय अलगद उचलून धरलेले. तात्यांनी सांगितलं होतं तस्संच. हातानं गाळ चाचपत गेले. मऊ, मऊ, मग कडक कोपरा. वीट. तिच्याखाली बोटं सरकवली आणि त्याच वेळी डावा पाय एकदम हलका झाला. ट्यूब ओली होऊन सरकली होती. फिन गेली.

जाऊ दे, म्हटलं. वीट तर आहे.

पण वर काय झालं ते मला नंतर कळलं. पाण्यावर पिवळी फिन आली. एकटीच आली. हलकी होती, म्हणून तर निवडली होती. काठावर सगळे बघत होते. आणि दोरीच्या मागं धोतर नेसलेला एक म्हातारा उभा राहिला.

मी वीट छातीशी धरून तळ सोडणार, इतक्यात कुणीतरी माझी वेणी धरली आणि मला उपटून वर नेलं. वीट सुटली. वर येऊन डोळे उघडले तर समोर तात्या. टोपी वाहून चाललेली, धोतर फुगून त्यांच्याभोवती तरंगणारं.

"सोडा तात्या! मी चांगली हाय!"

"चांगली हाय मंग वर का आली न्हाईस?"

"वीट होती हातात!"

काठावर हसण्याचा असा लोट उठला की काय सांगू. कदमसाहेबांनी शिट्टी फुंकली. आम्हा दोघांना काठावर उभं केलं, मी एका फिनवर, तात्या चिंब.

"हे कोण?"

"माझे वडील, सर."

"बाहेरची मदत झाली. बुडी बाद." मग तात्यांकडं वळून, "तुम्हाला दोरीच्या मागं बसायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं साहेब. पन पंख वर आला अन् पोरगी न्हाई आली. तुमी काय केलं असतं?"

कदमसाहेबांनी वही उघडली. "तेच केलं असतं. म्हणून मी माझ्या घरच्यांना इथं आणत नाही." वहीत काही लिहिलं आणि मला म्हणाले, "एक बुडी बाद, दोन शिल्लक आहेत. सहा जण राहिलेत, त्यांच्याबरोबर उद्या सकाळी सात. हे नकोत."

मी तात्यांशी बोलले नाही. रिक्षात बोलले नाही. धर्मशाळेत सामान टाकलं तरी बोलले नाही. शेवटी तेच म्हणाले, "रागावलीस?"

"मी तीन वर्षं खानावळीत जेवून शिकले, तात्या. दोन पदव्या घेतल्या. आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर वेणी धरून बाहेर काढलं, बादली काढल्यासारखं."

ते उठले आणि धोतर वाळत घालायला गेले.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. पंगतीत बसलो. आमच्याकडं पंगतीत कोण कुठं बसलंय त्यावर वाढप्याचा हात सैल आणि आवळ होतो, हे मी खेड्यातली आहे म्हणून सांगते. इथं वाढणाऱ्यानं चेहरा बघितलाच नाही. पोळी घेताना दोन्ही हात पुढं करायचे, एक केला की तो थांबतो. तात्यांनी एकच हात केला. वाढणारा सरदारजी थांबला आणि हसून म्हणाला, "दोनों हाथ, बाबाजी." तात्यांनी दोन्ही केले. डाळ, पोळी, खीर. पाठोपाठ पाण्याची बादली घेऊन एक जण आला आणि न विचारता पेला भरून गेला. पुन्हा आला, पुन्हा भरला.

"मागावं लागत न्हाई इथं," तात्या म्हणाले, आणि तिसरा पेला प्यायले. माझा राग तिथंच अर्धा उतरला. उरलेल्या अर्ध्याला काम होतं.

फिन्स ओट्यावर मांडून मी बसले. वजन, तरंगणं, माप. मी पहिल्या दोनांच्या नादी लागले आणि माप ट्यूबनं शिवायला गेले. पायातून निघणारी फिन कितीही शहाणी असली तरी ती फिन नव्हे. मैत्रिणीला फोन लावला. ती आधी पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, "निळी घाल. जाड मोजा घाल म्हणजे पट्टा टाच कापणार नाही. करंगळी दुखेल, दुखू दे. ती खाली ओढेल, तर तू गुडघे मोड. तळाशी पाय लांब सोडूच नकोस. तळवे आभाळाकडं. बेडकासारखी बाजूला लाथ मार, खाली मारलीस तर गाळ उठेल."

म्हणजे पिवळी जे आपोआप करत होती, ते निळी घालून मला स्वतःला करायचं होतं. मी ओट्यावर पालथी पडले आणि गुडघे मोडून पाय हलवायला लागले. तात्या बघत होते. थोड्या वेळानं जवळ आले, माझा घोटा धरला आणि दोन बोटं आत वळवला.

"असा. टाच वर. आता पोटानं वळ, पायानं न्हाई."

मी वळून पाहिलं. जमलं होतं.

दुसरी सकाळ

तात्या धरणाच्या फाटकाशीच थांबले. तिथं चहाची टपरी होती, बाकावर बसले, आणि बसताना मुद्दाम पाण्याकडं पाठ केली. "शिट्टी ऐकू आली तरी बगणार न्हाई," म्हणाले.

माझी पाळी तिसरी होती. माझ्या आधीचा पोरगा जड काळ्या फिन्सवाला. झपकन तळाला गेला आणि खालून तपकिरी ढग उठला. तिन्ही बुड्या त्याच ढगात गेल्या, वीट मिळाली नाही. तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही. पाणी निवळायला वेळ द्यावा अशी मी साहेबांना विनंती केली. ते म्हणाले, "पूर आला की निवळायला वेळ देतो का?"

पहिली बुडी. निळीनं पाय खाली ओढले, मी घाबरून लाथ मारली, गाळ उठला. रिकामी वर आले. एक उरली.

दुसऱ्या बुडीला मी खाली जाताना काहीच केलं नाही. गुडघे मोडले, टाचा वर, आणि पोटानं वळत गेले. डोळे मिटूनच घेतले, तसंही काही दिसत नव्हतं. उजवीकडून सुरुवात केली. एक वीत, मग दुसरी वीत. शेवाळ लागलेला दगड. गोल होता, सोडला. छाती जळायला लागली. आणखी एक वीत. कोपरा. बोटांना खरखरीत चुना लागला. दोन्ही फिन्स पायात होत्या, करंगळी बोंबलत होती, आणि मी वर आले.

कदमसाहेबांनी वीट हातात घेतली, पायांकडं बघितलं, वहीत खूण केली. तासाभरानं नावं वाचली. नवव्या जागेवर माझं नाव होतं. कालचा पंचरवाला सातवा आला होता. तो म्हणाला, "ताई, आता ट्यूब मला द्या, आठवण म्हणून." मी दिली नाही.

फिन्स हातात घेऊन, ओल्या कपड्यानं मी फाटकाकडं गेले. तात्या तसेच बसले होते, पाण्याकडं पाठ करून. समोरच्या चहावर साय धरलेली. माझी पावलं ऐकून त्यांनी मान वळवली, चेहऱ्याकडं बघितलं, मग माझ्या नखांतल्या गाळाकडं. झालं का, असं विचारलं नाही.

"तळ कसा हाय?" ते म्हणाले.

"गाळ हाय. कोपरापर्यंत हात जातो. खाली मुरूम लागतो."

"गार?"

"लई गार."

त्यांनी मान हलवली आणि बाकावर सरकून जागा केली.